हुकावरचं नाव

एप्रिल लागला की मी दुधाचा वास घ्यायला लागतो. बायको पिशवी कापून पातेल्यात दूध ओतते आणि मी पातेल्यावर वाकतो. दूध ताजं असतं, थंडगार असतं, तरी वाकतो. "अहो, आत्ता आणलंय," ती म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिला माझी ही सवय किळसवाणी वाटते. मलाही वाटते. पण किळस येते म्हणून सवय सुटत नाही.

आमचं आताचं घर इंदापूर रस्त्याला लागून आहे. खिडकीखालीच गतिरोधक आहे. उसाच्या हंगामातले शेवटचे ट्रॅक्टर या दिवसांत तिथून जातात. ट्रॅक्टरची चाकं उंचवटा ओलांडतात, क्षणभर काही होत नाही आणि मग मागून ट्रॉली येऊन आदळते. खडाक्. आवाजावरून मला कळतं, हुकाचं भोक झिजलंय, पिन ढिली झालीय. त्या आवाजाबरोबर माझ्या जिभेच्या मुळाशी आंबट पाणी सुटतं, आणि हातातला चहा मी तसाच खाली ठेवतो.

नव्वदीच्या दशकातला तो उन्हाळा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर देऊन मी बारामतीहून गावी आलो होतो. निकालाला वेळ होता. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं घरातले सगळे माझ्याशी जरा जपूनच बोलत. दादा, म्हणजे माझे वडील, मला शेण काढू देत नसत. "राहू दे, हाताला वास राहतुया," म्हणत. वास तर सगळीकडंच होता. वैरणीचा, गोमूत्राचा, तापलेल्या पत्र्याचा. आणि दिवसातून दोनदा कॅनॉलच्या रस्त्यानं दूध संस्थेची ट्रॉली यायची, तिचा वास तर ती दिसायच्या आधीच पोचायचा.

ती ट्रॉली आजही डोळ्यांपुढं आहे. फळीवर सांडलेलं दूध वाळून त्याचे पिवळे पापुद्रे झालेले. पापुद्र्यांवर नवीन दूध सांडायचं, त्यावर धूळ बसायची, त्यावर माश्या. कॅन हलू नयेत म्हणून मध्ये कोंबलेली पोती दुधानं भिजून, वाळून, पुन्हा भिजून इतकी कडक झाली होती की ती उभी केली असती तर उभी राहिली असती. त्यात डिझेलचा धूर मिसळायचा. त्या वासाला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. आजारी तान्ह्या मुलाच्या ओकारीचा वास त्याच्या जवळ जाईल.

आमचे लोक पूर्वी मेंढरं राखायचे. माझ्या आठवणीतच दादांनी कळप विकला आणि गाई घेतल्या. मेंढरं विकावीत आणि पोराला शाळेत घालावं, हे त्यांना सांगणारा माणूस म्हणजे गावातले गणपतआबा. जमीनदार घरातला माणूस, पण आमच्या वस्तीवर येऊन खाटेवर बसायचा, आमच्या घरचं पाणी प्यायचा. त्या काळी हे सगळेच करत नसत. "ह्याला मेंढरामागं लावू नगंस," ते दादांना म्हणाले होते. "ह्याचं डोळं पुस्तकात बरं दिसतील." माझी पहिली पाटी त्यांनीच सुप्याच्या बाजारातून आणून दिली होती. मी कॉलेजात गेलो त्याच वर्षी ते वारले. आज मी जो काही आहे तो आईच्या दुधाच्या कॅनमुळं आणि गणपतआबांच्या त्या दोन वाक्यांमुळं. हे मी कुठंही, कुणासमोरही सांगतो.

त्यांचा मुलगा बबनतात्या. गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. बापाचं घर, बापाची जमीन, बापाची खुर्चीवर बसायची ढब, सगळं त्याच्याकडं आलं होतं. एवढं सगळं आलं आणि नेमकं बापाचं माणूसपण कसं मागं राहिलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

आमची वस्ती ट्रॉलीच्या वाटेवर शेवटची. बाकी गावाचे कॅन काठोकाठ भरलेले असायचे. आमच्या एकट्याच्या दुधानं शेवटचा कॅन कसाबसा अर्धा व्हायचा आणि तो ट्रॉलीच्या अगदी पुढं, दांडीच्या डोक्यावर ठेवला जायचा, कारण तेवढीच जागा उरलेली. ही दांडी म्हणजे ट्रॉलीची जीभ. ती ट्रॅक्टरच्या हुकात जाते आणि वरून पिन पडते. हुकाचं भोक झिजून लांबोळं झालं होतं. पिन त्यात घंटेच्या लोलकासारखी हलायची. ट्रॅक्टरनं वेग घेतला की ट्रॉलीला हिसका, ब्रेक मारला की धक्का. भरलेल्या कॅनमधल्या दुधाला हलायला जागाच नसायची. आमच्या अर्ध्या कॅनमधलं दूध मात्र चिलिंग सेंटरपर्यंत उन्हात आपटत, घुसळत जायचं.

मग तो कॅन परत यायचा. आंबलेल्या, निळसर पाण्यावर लोण्याचे बारीक गोळे तरंगत असायचे, वाळूएवढे, मोहरीएवढे. चार माश्या त्यांत बुडालेल्या. आणि परत आलेलं दूध संस्थेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर उघडायचं, असा तिथला रिवाज होता. तात्या झाकण काढायचा, स्वतः हुंगायचा, तोंड वाकडं करायचा आणि झाकण शेजारच्याच्या नाकाखाली धरायचा. तो हुंगून पुढच्याला द्यायचा. दूध घालायला आलेल्या साऱ्या गावाच्या नाकाखालून ते झाकण फिरायचं आणि ज्या बाईचं दूध, ती पदर धरून बाजूला उभी असायची. त्या उन्हाळ्यात ती बाई बहुतेक वेळा माझी आई असायची.

"वहिनी, कॅन धुता का न्हाय?" तात्या विचारायचा.

"धुते की. राखंनं घासून, उन्हात पालथा घालते."

"मग ह्ये काय?"

मागून कुणीतरी म्हणायचं, "मेंढरांमागची माणसं ती. दुधाची सवय कुठली आसनार तात्या?" आणि चारजण हसायचे. हसताना एकाच्या तोंडातल्या पानाचा लाल थेंब त्या झाकणावर उडालेला मी पाहिला आहे. त्यानं तो बोटानं पुसला आणि झाकण पुढं दिलं.

आई एकदाच बोलली. "तात्या, घरी ताक करायचं तर मला रवी फिरवावी लागती. तुमची ट्रॉली त्ये फुकटात करून देतीया."

अन्वरभाई, संस्थेचा ट्रॅक्टर चालवणारा, खाली मान घालून हसला. हूक ढिला आहे हे त्याला माहीत होतं. तात्याला माहीत होतं. रस्त्यानं जाणाऱ्या कुत्र्यांनाही माहीत असणार, कारण तो आवाज आला की ती बाजूला व्हायची. अन्वरभाईनं भोकात सायकलची ट्यूब कोंबून पाहिली, पोत्याचा चिंधोटा गुंडाळून पाहिला. त्यानं थोडा वेळ आवाज कमी व्हायचा, मग पुन्हा तेच. सगळ्यांना सगळं ठाऊक असताना एका बाईच्या कॅनला नाक लावणं त्यांना सोपं जात होतं. दूध नासलं यापेक्षा मला याची शिसारी जास्त होती.

मी पुढं होऊन समजावायला गेलो. अर्ध्या भांड्यात हेलकावा कसा बसतो, ऊन असल्यावर लोणी लवकर का सुटतं, हे मी फार मनापासून सांगितलं. तात्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पेपर संपलं न्हाईत का रं तुजं अजून?" तो म्हणाला.

पण मग बाकीच्या कॅनमध्येही लोणी दिसायला लागलं. ऊन वाढलं, खड्डे वाढले, पिन अजून ढिली झाली. खुद्द तात्याच्या घरचा कॅन परत आला, तेव्हा मारुतीच्या देवळासमोर बैठक बसली. काय करायचं यावर तीन मतं पडली. एक, झिजलेलं भोक वेल्डिंगनं भरून नवीन भोक पाडायचं. दोन, भंगार बाजारातून जुन्या मालट्रकचा जाड हूक आणायचा. तीन, बारामतीच्या एमआयडीसीत एक वर्कशॉप होतं, तिथं स्प्रिंग बसवलेला हूक करून मिळायचा. त्यात धक्का आधी स्प्रिंग खायची आणि मग उरलासुरला ट्रॉलीला लागायचा.

"स्प्रिंग कशाला? ट्रॉलीला काय पाळन्यात झोपवायचीय?"

"आरं, दुधाला झोपवायचीय."

"भंगारातला आना. जाड आसतुया. एकदा बसवला की नातवापतूर बघायला नगं."

"जाडीनं धक्का कमी हुतुया व्हय? तुजी म्हस जाड हाय, ती काय हळू बसती का?"

मी स्प्रिंगच्या हुकाच्या बाजूनं बोललो. अन्वरभाईही बोलला. खर्चाचा प्रश्न निघाला तेव्हा तात्या खुर्चीतून उठला आणि त्यानं हात वर केला. "हूक माज्याकडनं," तो म्हणाला. "आबांच्या स्मरणार्थ."

टाळ्या पडल्या. शाळेतले पंखे, देवळातली घंटा, स्मशानातला बाक, आमच्याकडं काहीही कुणाच्या तरी स्मरणार्थ असतंच. मी गावच्या बसथांब्यावर ज्या फरशीवर बसून अभ्यास करायचो तिच्यावरही कुणाच्या तरी आईचं नाव होतं आणि ते वाचूनच बसायचो. पण हुकाला आजवर कुणी स्मारक केलं नव्हतं. टाळ्या वाजवताना मला गणपतआबांची आठवण आली आणि खरंच भरून आलं. तेवढा वेळ तरी मला तात्याचा राग नव्हता.

आम्ही तिघं बारामतीला गेलो. तात्या, अन्वरभाई आणि मी. मला नेलं कारण, तात्याच्या भाषेत, "शिकल्याला मानूस संगं आसावा, भाव करताना बरं दिसतं." जाताना आधी जेवण झालं. तात्यानं मटणाची हाडं ताटाबाहेर, टेबलावर रचली, त्यातली चोखलेली नळी उचलून पुन्हा चोखली आणि त्याच बोटानं मला दाखवत हॉटेलवाल्याला म्हणाला, "ह्यो आमच्या गावचा पहिला बी.एस्सी. आमच्या आबांनीच शिकावला." ते खरं होतं. खरं असूनही त्याच्या तोंडून ते इतकं तेलकट का झालं, ते मला सांगता येत नाही.

वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या कीसाचा आणि जळक्या तेलाचा वास होता. त्या सबंध उन्हाळ्यातला मला आवडलेला तेवढा एकच वास. तिथल्या माणसानं तयार हूक दाखवला. काळी स्प्रिंग, मागं जाड वायसर, भोकात पोलादी बुश, म्हणजे आतून बसवलेली जाड नळी, झिजला तर फक्त बुश बदलायचा. मी पिन घालून हलवून पाहिली. हलली नाही. अन्वरभाईनं हुकावरून असा हात फिरवला, जसा आमचे दादा मेंढराच्या पाठीवरून फिरवायचे.

तात्यानं एकच प्रश्न विचारला. "नाव कुठं बसवनार?"

"कसलं नाव?"

"आबांचं. पाटी पायजे. लोखंडाची, उठावदार अक्षरं. लांबून वाचता आली पायजेत."

त्या माणसानं सुचवलं की मागच्या बाजूला रंगानं लिहू. तात्याला ते पटलं नाही. मागं ट्रॉली असते, कोण वाचणार? लोक रस्त्याच्या डाव्या कडेला उभे असतात, तेव्हा पाटी डावीकडं हवी, उभी हवी, बाहेर आलेली हवी. मी म्हणालो, "तात्या, वळताना ती दांडीला आडवी येईल." तात्या माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाळा, आबांचं नाव कुनाला आडवं येत न्हाय."

पाटी बसली.

नवीन हुकाची पूजा झाली. नारळ फुटला, गुलाल उडाला, पाटीला झेंडूचा हार घातला. अन्वरभाईनं ट्रॅक्टर चालू केला आणि ट्रॉली आवाज न करता निघाली. मी मागं कॅनशेजारी बसलो होतो. मी आमच्या रिकाम्या किटलीत तांब्याभर पाणी ओतून ठेवलं होतं आणि त्याच्याकडं बघत होतो. खड्डा आला, स्प्रिंग दबली, पाणी हललं आणि पुन्हा थांबलं. एवढं साधं होतं ते. मला हसू यायला लागलं. कॅनॉलच्या रस्त्यानं सरळ जाताना तो प्रवास इतका गुळगुळीत वाटत होता की अन्वरभाई मागं वळून ओरडला, "काय रं, ट्रॉली हाय ना मागं, का पडली?"

मग आमच्या वस्तीचं वळण आलं. कॅनॉल सोडून डावीकडं, एकदम अरुंद. अन्वरभाईनं स्टिअरिंग फिरवलं आणि खालून कर्रर्र असा आवाज आला, दाताखाली खडा यावा तसा. दांडी पाटीला जाऊन भिडली होती. ट्रॅक्टर वळायला बघत होता आणि ट्रॉली त्याला वळू देत नव्हती. त्यानं मागं घेतलं, पुन्हा वळवलं, पुन्हा कर्रर्र. आई वस्तीच्या तोंडाशी कॅन घेऊन उभी होती. तिला आम्ही दिसत होतो, आम्हाला ती.

"पाटीची कड जरा कापली की झालं," अन्वरभाई म्हणाला.

ट्रॅक्टरमागं मोटारसायकलवरून आलेला तात्या खाली उतरला. त्यानं पाटीकडं बघितलं, अन्वरभाईकडं बघितलं. "आबांच्या नावाला कटर लावतुस?"

"तात्या, नावाला न्हाय, कडंला..."

"त्येच्यापेक्षा माज्या गळ्याला लाव."

संध्याकाळी ही गोष्ट गावभर झाली. ज्यांनी आबा जिवंत असताना त्यांना कधी पाणी विचारलं नसेल, तेही हळहळायला लागले. मेलेल्या माणसाच्या नावावर कटर! ड्रायव्हरला कळत नाही, पण त्या शिकलेल्या पोराला तरी कळावं! असं ठरलं की पाटीला हात लावायचा नाही. गावातली बाकी वळणं उजवीकडची किंवा ऐसपैस होती, अडचण एकट्या आमच्या वस्तीची. तेव्हा हौसावहिनींनी, म्हणजे माझ्या आईनं, आपला कॅन कॅनॉलच्या कोपऱ्यावर आणून ठेवावा.

कॅनॉलचा कोपरा म्हणजे एक बाभळ. तिची सावली पायाला पुरेल एवढी. दादांचा गुडघा दुखरा होता, म्हणून मी सायकलला कॅन बांधून न्यायचो आणि आई ओलं फडकं घेऊन मागून चालत यायची. फडकं कॅनवर टाकायची. ते बघता बघता वाळायचं. ती कॅनॉलात उतरून पुन्हा भिजवून आणायची. त्या सुमारास कॅनॉल बंद असायचा, तळाशी हिरवट डबकी उरलेली, त्यांत मेलेले मासे पोट वर करून पडलेले. आई त्या पाण्यात हात घालायची. ट्रॉली गावात कुणाकुणासाठी थांबत, रेंगाळत यायची. कधी कॅन वर चढवताना त्याच्या पत्र्याचा चटका बसायचा.

आणि आई एक करायची, जे मला बघवायचं नाही. ट्रॅक्टर जवळ आला की ती त्या पाटीला हात जोडायची.

"कशाला?" मी एकदा तडकून विचारलं.

"आबांचं नाव हाय ना त्येच्यावर."

तिला वाचता येत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं.

व्हायचं तेच झालं. एका दुपारच्या खेपेला ट्रॉलीला फार उशीर झाला आणि दूध बाभळीखालीच फुटलं. लोण्याचा एक कणही नव्हता. सरळसरळ उन्हानं नासलेलं, चोथा पाणी वेगळं झालेलं. ओट्यावर झाकण उघडलं. आता तो वास लिहायचा तर शब्द धुवून घ्यावे लागतील. तात्यानं हुंगलं, झाकण फिरवलं आणि या वेळी त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समाधान होतं.

"बगा," तो सगळ्यांना म्हणाला. "इतके दिवस हुकाचं नाव सांगत व्हती. आता तर हूक नवा हाय! आबांच्या नावाचा हाय! आता कुनाचं नाव सांगनार, वहिनी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. आमची वाट अडवणारा हूकच आमच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला होता. "पुन्ना आसं झालं तर तुमचं दूध बंद," तात्या म्हणाला. आईनं कॅन उचलला. संस्थेनं दूध बंद केलं असतं तर आजूबाजूच्या गावांत कुणी तिचं दूध घेतलं नसतं. नासकं दूध घालणारी बाई, हे नाव माणसाच्या आधी पोचतं. आणि त्या दुधावरच माझं पुढचं शिक्षण उभं होतं. हे सगळं तिला माहीत होतं. चालता चालता तिनं ते दूध रस्त्याकडेला ओतलं. कुत्रं आलं, हुंगलं आणि निघून गेलं.

पुढं मी शिकलो, नोकरी केली, बऱ्याच बैठकांत बसलो. तिथंही ते झाकण फिरताना पाहिलं आहे, फक्त ते ॲल्युमिनियमचं नसतं. दुखणं कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे मिळून एका गरीब माणसाचा वास घेत असतात. अशा वेळी मला अजूनही उठून खिडकीशी जावंसं वाटतं.

वैशाखात तात्याच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव दारातच. बारामतीहून मांडवाचं सामान, मोठाले हंडे, तांदळाची पोती, सगळं संस्थेच्याच ट्रॉलीतून आणायचं ठरलं. कॅन उतरवून, फळ्या पहिल्यांदाच धुवून, ट्रॉली गेली आणि भरून आली. मीही वाढप्यांत होतो, दारात उभा होतो. तात्याच्या वाड्याकडं जाणारी गल्ली मुख्य रस्त्यावरून डावीकडं वळते. दुधासाठी ट्रॅक्टर त्या गल्लीत कधी शिरत नसे. तात्याच्या घरचा कॅन गडी चौकात आणून द्यायचा.

कर्रर्र.

अन्वरभाईनं ट्रॅक्टर थांबवला, उतरला आणि पाटीशेजारी उभा राहिला. मागं गाड्या थांबल्या. मांडववाले घड्याळं बघायला लागले. आचारी ओरडला, "हंडं कवा उतरायचं? चुलवान पेटलंया!" तात्या धोतर सावरत आला, वाकून बघितलं.

"काप," तो म्हणाला.

अन्वरभाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आबांचं नाव..."

"आबा आपल्या मनात हायती. काप रं लवकर, माणसं खोळांबल्यात."

मांडवाच्या खांबांसाठी आलेला वेल्डर तिथंच होता. ठिणग्या उडाल्या, पाटी तापून लाल झाली आणि धप्पकन धुळीत पडली. मी आजूबाजूच्या प्रत्येक चेहऱ्याकडं पाहिलं. हळहळणारे सगळे तिथं होते. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. एकानं पाटी पायानं गटाराकडं सरकवली, कारण ती वाटेत होती, आणि सवयीनं तिथंच थुंकला. ट्रॉली गल्लीत वळली, अलगद, एकही भांडं न वाजवता. लग्नात मी पंगतीला पुरणपोळी वाढली. तात्याच्या पानावर तूप वाढायची पाळी आली तेव्हा मी चमचा तसाच वर धरून उभा राहिलो. "वाढ की," तो प्रेमानं म्हणाला. "आपल्याच घरचं समज."

दुसऱ्या दिवशी ट्रॉली आमच्या वस्तीत आली. अन्वरभाईनं आमचा कॅन चढवला. ट्रॉलीच्या कोपऱ्यात ती पाटी पडली होती, ताज्या दुधाचे शिंतोडे अंगावर घेत. "गटारातनं काढली," तो ओशाळून म्हणाला. "कुठं ठिवावी कळंना." आईनं ती मागून घेतली.

त्यानंतर आमचं दूध कधी परत आलं नाही. लोणी नाही, वास नाही. काही दिवसांनी ओट्यावर तात्यानं आपणहून आमच्या कॅनचं झाकण काढलं, हुंगलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वा! वहिनींचं दूध सुधारलं की! मी म्हनलं न्हवतं? जरा तंबी दिली की मानूस सरळ हुतंया." झाकण फिरलं. सगळ्यांनी हुंगलं, सगळ्यांनी कौतुक केलं. झाकणावर पानाचा थेंब उडवणाऱ्यानंही केलं.

मी पुढं पाऊल टाकलं. आईनं माझं मनगट धरलं. घट्ट, धार काढणाऱ्या बोटांनी.

 घरी आल्यावर मी बोललो, बरंच बोललो. हे तुझं माफ करणं, हे गप्प बसणं, याचीच मला जास्त किळस येते, असंही बोललो. आई ऐकत होती. ती पाटी राखेनं घासत होती, जसा कॅन घासायची तसा. दूध, गटार, थुंकी, काजळी, सगळं धुवून निघालं आणि अक्षरं वर आली.

"ह्यात आबांचं नाव कुठलं?" तिनं विचारलं.

मी बोट ठेवलं. वरच्या बाजूला, बारीक अक्षरांत, एक ओळ. कै. गणपतआबा यांच्या स्मरणार्थ.

"येवढंच? मग ह्ये खाली मोठं काय हाय?"

"सप्रेम भेट, चेअरमन बबनराव."

तिनं ओल्या बोटानं ती मोठी अक्षरं चाचपली. खूप वेळ चाचपली. एवढे दिवस बाभळीखाली उभं राहून आपण कुणाला हात जोडत होतो, याचा हिशेब ती करत असावी. मग उठली, गोठ्याच्या भिंतीत दाराशेजारी तिनं मातीत खोबणी केली आणि पाटी उभी बसवली. घमेल्यात शेण कालवलं. पाण्याचा हबका मारला आणि भिंत खालून वर सारवत आली. शेणाचा गार, ओला वास पसरला. मला तो तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ वाटला. तिचा तळवा पाटीच्या खालच्या कडेवर आला, मोठ्या अक्षरांवरून गेला, एकदा, पुन्हा एकदा, खाचाखोचांत शेण नीट दाबून, आणि बारीक ओळीच्या खाली येऊन थांबला.

माझा निकाल लागला त्या दिवशी पेढा आधी त्या ओळीपुढं ठेवला गेला. आई असेपर्यंत दर सणाला गोठा सारवायची. वाचता न येणारा तिचा हात दर वेळी बरोबर तिथंच थांबायचा.